एक रात्र दशावताराची

निरगुडसरच्या माणसाला जागरणाचे नवल नाही. यात्रांचा हंगाम आला, की शेजारी विठाबाईंच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावकारभारी सुपारी द्यायला जातात. हीच मंडळी डिसेंबरच्या सुटीत मालवणला गेली, की समुद्र पाहून, माशांचे ताट अन् सोलकढी रिचवून नऊलाच आडवी होतात! तिथल्या गावोगावच्या जत्रांत त्याच वेळी दशावतार उभा राहत असतो. पेटी, मृदंग, झांज यांची साथ. लिखित संहिता नाही, संवाद नट ऐनवेळी रचतात. स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषांच्याच. एकदा खाज्याचा पुडा घेऊन मुलाबाळांसह पहाटेपर्यंत बसून पाहा. कलावंताची चूल प्रेक्षकांच्या जागरणावर पेटते, हे निरगुडसरकरांना कोणी का सांगायला हवे?