माल कसा पाठवावा? भाडे आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर

मालाची वाहतूक, साठवण आणि हाताळणी यांवर २०२३-२४ या वर्षात देशात झालेला खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ७.९७ टक्के होता, असा अंदाज केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडण्यात आला. त्याआधी अनेक वर्षे १३ ते १४ टक्के हा आकडा सर्रास सांगितला जात असे. राष्ट्रीय पातळीवरील हे आकडे काहीही असोत, लहान उत्पादकाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच असतो: एक किलो माल ग्राहकाच्या दारात पोहोचेपर्यंत नेमके किती पैसे लागले? बहुतेकांकडे याचे उत्तर बिल्टीवरील भाड्याएवढेच असते आणि तेथेच हिशेब चुकतो.

सांगली-तासगाव भागातील बेदाण्याचे उदाहरण घेता येईल. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून देशभरातून त्याला मागणी असते. समजा, एखाद्या व्यापाऱ्याला १५ किलोची २०० खोकी, म्हणजे तीन टन बेदाणा, दिल्लीला पाठवायचा आहे. भाव किलोला २०० रुपये धरल्यास मालाची किंमत सहा लाख रुपये होते. (पुढील सर्व दर केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत, प्रत्यक्ष दर हंगाम, डिझेल आणि परतीच्या भाराची उपलब्धता यांनुसार बदलतात.)

सात टन क्षमतेची स्वतंत्र गाडी केल्यास भाडे ४५,००० रुपये. फुटकळ माल, म्हणजेच पार्ट लोड, म्हणून पाठवल्यास किलोला सहा रुपये दराने १८,००० रुपये. वरवर पाहता निर्णय सोपा आहे. परंतु पार्ट लोडमध्ये माल आधी टेम्पोने हुंडेकऱ्याच्या गोदामात न्यावा लागतो. त्याचे २,५०० रुपये. दिल्लीतील गोदामापासून दुकानापर्यंतचे ४,००० रुपये. खोके किमान चार वेळा चढते-उतरते. प्रत्येक वेळी पाच रुपये हमाली धरली तर आणखी ४,००० रुपये. एकूण २८,५०० रुपये झाले.

हिशेब येथेही संपत नाही. पार्ट लोडचा माल पाच दिवस उशिरा पोहोचतो असे मानल्यास, तेवढे दिवस सहा लाख रुपये अडकून राहतात. वार्षिक १२ टक्के व्याजाने रोजचे सुमारे १९७ रुपये, पाच दिवसांचे ९८५ रुपये होतात. अधिक हाताळणीमुळे फुटतूट एक टक्का धरली तर ६,००० रुपये. सर्व मिळून खर्च ३५,४८५ रुपयांवर, म्हणजे किलोला सुमारे ११ रुपये ८३ पैशांवर जातो. स्वतंत्र गाडीत दोनच वेळा हमाली लागते. तिचे २,००० रुपये मिळवल्यास खर्च ४७,००० रुपये, किलोला सुमारे १५ रुपये ६७ पैसे.

तीन टनांसाठी पार्ट लोड अजूनही स्वस्तच ठरतो. मात्र किलोमागे नऊ रुपयांचे वाटणारे अंतर चार रुपयांच्याही आत आले आहे. भार वाढत गेला की गाडीचे भाडे अधिक किलोंवर विभागले जाते. वरील दरांनी सुमारे चार टनांपाशी दोन्ही पर्याय समान होतात आणि त्यापुढे स्वतंत्र गाडी स्वस्त पडते. हा टप्पा प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या मालासाठी एकदा तरी काढून ठेवावा. तो माहीत असल्यास चार दिवस थांबून दोन मागण्या एकत्र पाठवाव्यात की नाही, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

बेदाणा वजनदार आहे. चुरमुऱ्यांसारख्या फुगीर मालाचा हिशेब निराळा होतो, कारण तो वजनापेक्षा जागा अधिक व्यापतो. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ९६,००० घन सेंटिमीटर भरते. हवाई मालवाहतुकीत या संख्येला सामान्यतः ६,००० ने भागतात, अनेक कुरियर कंपन्या ५,००० ने. म्हणजे प्रत्यक्ष वजन सात किलो असले तरी आकारणी १६ किंवा १९.२ किलोवर होते. रस्त्यावरील वाहतूकदार घनफुटाचा हिशेब लावतात आणि घनफुटामागे किती किलो धरायचे हे कंपनीगणिक बदलते. दर विचारताना हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. बहुधा तो बिल हाती आल्यावरच विचारला जातो.

जोखमीचा मुद्दा तर याहून दुर्लक्षित आहे. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार, माल गहाळ झाल्यास किंवा खराब झाल्यास वाहतूकदाराचे दायित्व सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरते मर्यादित असते. वरील उदाहरणात १८,००० रुपये भाड्यावर ही मर्यादा १ लाख ८० हजार रुपये होते. माल मात्र सहा लाखांचा आहे. अधिक जोखीम दर भरून ही मर्यादा वाढवता येते, अथवा वाहतूक विमा उतरवता येतो. तो खर्चही किलोमागील आकड्यात धरावयास हवा. दावा करायचा झाल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणे आवश्यक असते.

कागदपत्रांपैकी ई-वे बिल महत्त्वाचे. आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी, वगळलेल्या वस्तू सोडता, ते लागते. सामान्य मालासाठी दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागास एक दिवस मुदत मिळते. सांगली ते दिल्ली अंतर १,६५० किलोमीटर धरल्यास नऊ दिवस. पार्ट लोडचा माल वाटेतील गोदामात रेंगाळला की ही मुदत भरत येते. ती संपण्यापूर्वी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास या काळात वाढवून घेता येते.

रेल्वे लांबच्या पल्ल्यास किफायतशीर असली तरी पूर्ण रेक म्हणजे वॅगनच्या प्रकारानुसार अडीच हजार टन किंवा त्याहूनही अधिक माल. एवढा भार सिमेंट, खत किंवा धान्याच्या व्यवहारातच उभा राहतो. वॅगन वेळेत रिकामी न केल्यास डेमरेज आणि माल वेळेत न उचलल्यास वारफेज भरावे लागते. लहान मालधन्यांसाठी ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे धावली आणि त्याच वर्षी फळे-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलतही लागू झाली. सवलतीतील भाड्यावर व्यवसायाचे गणित बसवणाऱ्यांनी पूर्ण भाड्याचा आकडाही शेजारी लिहून ठेवणे इष्ट होते, कारण अशी अनुदाने मुदतीची असतात.

जलमार्गाचा विचार महाराष्ट्रात क्वचितच होतो. गुजरातमधील मोरबीच्या फरशा मात्र कंटेनरमधून किनारी जहाजांनी केरळकडे जातात. जड, न नासणाऱ्या आणि घाई नसलेल्या मालाला हा मार्ग मानवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या घोघा-हजिरा रो-रो सेवेत तर भरलेला ट्रकच बोटीवर चढतो आणि रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून सुमारे ९० किलोमीटरवर येते. तेथेही बोटीचे भाडे, वाचलेले डिझेल आणि धक्क्यावर थांबण्याचा वेळ या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडूनच तुलना करावी लागते.