घरचे काचघर

काचघर म्हणजे रोपांनी आणि माणसांनी मिळून बसावे अशी उजेडाची खोली. इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि १८५१ साली पॅक्स्टन नावाच्या माळ्याने लंडनात काचमहालच उभा केला. पण तो थंड देश. काचेतून ऊन आत येते, ऊब मात्र कोंडून राहते. सुरगाण्यात चैत्रात त्याची भट्टी होईल.

म्हणून आपण पडवीचेच काचघर करावे. काच उत्तरेला, माथ्यावर कौले, वर गरम हवा जायला झरोका. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. तिकडे वळचण लांब, जोते उंच ठेवावे. बांबू पावसाळा सरल्यावर तोडून वाहत्या पाण्यात भिजवावा. त्यातले पिष्ट निघून गेले की कीड कमी लागते. तो मातीत पुरू नये, दगडावर उभा करावा.

आणि स्वस्त म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणू नका. ते कापताना उडालेली धूळ मजुराच्या छातीत बसते आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊन वर येते. अंदाजपत्रकात आपण सामान व मजुरी मांडतो. करणाऱ्याचे फुप्फुसही त्यात धरले पाहिजे.