किरणांचा हिशेब

अद्याप पायाही न खणलेल्या घराच्या माजघरात चैत्रातल्या दुपारी किती उजेड येईल, याचा अंदाज पूर्वीचे वास्तुविशारद नकाशावर पट्टी ठेवून आणि स्वतःच्या अनुभवाची साक्ष काढून बांधीत असत. आज तोच अंदाज संगणकाच्या हवाली केला जातो. आणि पुण्यातील ज्या एका छोट्या कार्यालयात बसून मी हे काम जवळून पाहिले, तेथे खल चालला होता तो असा की, दरसाल वर्गणी भरून वापरावयाचे व्ही-रे हे सॉफ्टवेअर चालू ठेवावे, की मुळात खेळांसाठी निर्माण झालेले आणि अशा कार्यालयास विनामूल्य मिळणारे अनरियल इंजिन पत्करावे. हातात काम होते रत्नागिरीजवळच्या एका घराचे: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे विहीर.

व्ही-रे ज्या विचारावर उभे आहे, त्याची गणिती मांडणी जेम्स काजिया यांनी १९८६ साली केली. कोणत्याही बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश अधिक चहूबाजूंनी त्यावर पडून परावर्तित झालेला प्रकाश. आणि तो चहूबाजूंचा प्रकाशही अशाच इतर बिंदूंकडून आलेला असल्यामुळे हा हिशेब तत्त्वतः अनंत होतो. म्हणून यंत्र यदृच्छेने निवडलेल्या असंख्य किरणांचा माग काढीत जाते आणि सरासरी धरते. सुमारे ८३ लाख बिंदूंच्या फोर-के चित्रावर आरंभी सर्वत्र रवाळपणा दिसतो, आणि तो निम्म्यावर आणावयाचा तर किरणांची संख्या चौपट करावी लागते. यास्तव सायंकाळी रेंडर लावून मंडळी घरी जातात. परंतु सकाळी चित्र पाहावे, तो जांभ्याच्या अंगणातून उसळलेली तांबूस छटा पडवीच्या पांढऱ्या तक्तपोशीवर जितकी पडावयास हवी तितकीच पडलेली असते, आणि तिच्यासाठी कोणी वेगळी खटपट केलेली नसते. वर्गणीचा खरा मोबदला तो हाच.

खेळाच्या इंजिनाला इतकी सवड नसते. सेकंदाला ६० चित्रे द्यावयाची म्हटली की एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ सहस्रांश सेकंद येतात. एके काळी याकरिता प्रकाश आगाऊ मोजून पृष्ठभागांवर ‘बेक’ करून ठेवावा लागे; २०२२ साली आलेल्या अनरियलच्या पाचव्या आवृत्तीतील ल्युमेन ही यंत्रणा तो जागच्या जागी अजमावते. अजमावते, मोजीत नाही, हा भेद मला तेथे डोळ्यांनी पाहता आला. व्ही-रेमध्ये निर्वेध चाललेले, जाडी न देता दुमडलेल्या कागदासारखे रेखाटलेले छप्पर इंजिनात नेताच भिंतीच्या माथ्याशी, सांध्यांतून आत उजेड पाझरू लागला. कार्यालयातील तरुण चित्रकाराने मग प्रत्येक भिंतीला आणि छपराला जाडी दिली, एकावर एक आलेले दुहेरी पृष्ठभाग काढून टाकले, चालणारा माणूस खांबातून आरपार जाऊ नये म्हणून अडसर योजले. इंजिनातील नॅनाइट या बारीक तपशील पेलणाऱ्या यंत्रणेमुळे कौले मात्र एकेक सुटी आणि खऱ्या वळणाची ठेवता आली. याहून महत्त्वाची गोष्ट माजघराची. इंजिनाचे एक्स्पोजर आपोआप बदलत असल्यामुळे मुळातली अंधारी खोलीही आत पाऊल टाकताच हळूहळू उजळे, आणि मालकाची समजूत होई की येथे उजेड मुबलक आहे. त्या मुलाने ती सोय आधी बंद केली, व्ही-रेच्या चित्राशी त्याच तासाची रुजवात घातली, आणि मगच ते घर दाखवावयास काढले. अशा इमानदारीचे मोल कोणत्याही दरपत्रकात नसते.

इंजिनाच्या शर्ती उदार आहेत. खेळांबाहेरच्या कामासाठी, वर्षाचे उत्पन्न १० लाख डॉलरांच्या आत असलेल्या कंपनीला ते फुकट मिळते. त्याहून मोठ्यांना २०२४ पासून दर माणशी सालीना १८५० डॉलर पडतात. तथापि लहान कार्यालयाचा वर्गणीत वाचलेला पैसा त्या मुलाच्या श्रमांत आणि भारी ग्राफिक्स कार्डात खर्ची पडतो, हे मला स्वच्छ दिसले.

असे असूनही माझे मत इंजिनाच्या बाजूने झुकले, त्याचे कारण घरमालकांच्या मातोश्री. स्थिर चित्रे सर्वांनी वाखाणली होती. पडद्यावर घर उघडल्यावर त्या तरुण चित्रकाराने विचारले, "आजी, कुठं जायचं?" त्या म्हणाल्या, "अरे, मला ओट्याशी उभं कर. इथून विहीर दिसायला हवी." त्याने नेऊन उभे केले, तर मागच्या पडवीचा खांब नेमका विहिरीच्या आड आला होता. स्वयंपाकघराचे सुंदर चित्र दारातून घेतलेले होते, आणि त्या जागेवरून हा दोष कोणालाही दिसण्यासारखा नव्हता. स्थिर चित्रात कोठे उभे राहावयाचे हे चित्रकार ठरवितो; इंजिनात तो अधिकार घरात राहणाऱ्याकडे जातो. सदनिकांच्या बाबतीत तर हा भेद अधिकच गंभीर आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या १२व्या कलमान्वये, जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास त्याला भरपाई मिळते. पण ज्या कोनातून शेजारची इमारत दिसतच नाही, तो कोन निवडणाऱ्याला कोणी खोटे बोलला असे म्हणू शकत नाही. ग्राहकाला मान वळविता यावी, ही मागणी म्हणूनच मला न्याय्य वाटते.

कार्यालयाने व्ही-रेची एक वर्गणी ठेवली, दुसरी सोडली. साहित्य आणि उजेड यांची अंतिम संमती तिच्यावर, आणि खोल्यांच्या मांडणीची संमती इंजिनात फिरून घ्यावयाची, असे ठरले. रत्नागिरीच्या नकाशात खांब सरकविण्याची तजवीज करून मसुदा संरचना-अभियंत्याकडे तपासणीस गेला, आणि पुढील करारनाम्यांत मॉडेल फिरण्याजोगे करण्याच्या मेहनतान्याचे स्वतंत्र कलम घालण्यात आले. कारण ते काम आजवर कोणाच्याही बिलात नोंदले गेले नव्हते.