खारवट जमिनीत टोमॅटो-कांद्याला जिवाणूंची साथ

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीचा जोरदार पाऊस जमिनीतील क्षार धुऊन नेतो. पूर्वेकडे मात्र पाऊस कमी होत जातो आणि शेती येडगाव, वडज, डिंभे या धरणांच्या पाण्यावर व विहिरी-बोअरवर अवलंबून असते. भारी काळी जमीन, कमी निचरा आणि भरपूर पाणी एकत्र आले की क्षार वर येतात. वरंब्यावर पांढरा थर दिसतो, लावलेली रोपे पिवळी पडून बसतात.

क्षार पाण्याबरोबरही येतात. ज्या पाण्याची विद्युत वाहकता 1 डेसीसायमन प्रति मीटर आहे, त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार असतात. एकरभर 5 सें.मी. उंचीची एक पाळी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर पाणी, म्हणजेच जवळजवळ 130 किलो क्षार!

पिकाचे नुकसान कसे होते?

क्षारांमुळे ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. सोडियम पालाशच्या शोषणात अडथळा आणतो. ताणामुळे मुळांत इथिलीन वायू वाढतो व मुळांची वाढ खुंटते. जमिनीच्या संपृक्त अर्काची वाहकता घेवड्याला सुमारे 1.0, कांद्याला 1.2 आणि टोमॅटोला 2.5 च्या वर गेली की उत्पादन घटू लागते. गहू मात्र 6 पर्यंत तग धरतो. माती अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीने काढला आहे, हे प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.

जिवाणू काय करतात?

मुळांभोवती राहणारे स्युडोमोनास, बॅसिलस, अॅझोटोबॅक्टर यांचे काही वाण इथिलीन ज्यापासून बनतो तो पदार्थच खाऊन टाकतात. त्यामुळे मुळे वाढत राहतात. काही वाण चिकट पदार्थ सोडून मुळांभोवती सोडियम अडवून धरतात. काही स्फुरद विरघळवून पिकाला देतात. मात्र प्रत्येक वाणात हे सर्व गुण नसतात आणि साधे वाण जास्त क्षारात टिकत नाहीत. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी क्षार सहन करणारी संवर्धने विकसित केली आहेत. खरेदी करताना तशीच मागावीत.

वापर कसा करावा?

1. बीजप्रक्रियेसाठी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे व बियाणे सावलीत सुकवावे.
2. टोमॅटो व कांद्याच्या रोपांची मुळे लागवडीपूर्वी संवर्धनाच्या द्रावणात बुडवावीत. प्रमाण पाकिटावरील सूचनेप्रमाणे घ्यावे.
3. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची शेवटी करावी. संवर्धन रासायनिक खतात मिसळू नये.
4. पाकीट उन्हात ठेवू नये. अंतिम तारीख पाहूनच घ्यावे.
5. चांगले कुजलेले शेणखत द्यावे. सेंद्रिय पदार्थ नसतील तर जिवाणू उपाशी राहतात.

एक गोष्ट विसरू नका

जिवाणू जमिनीतील क्षार कमी करीत नाहीत. ते फक्त पिकाला ताण सोसण्यास मदत करतात. खारवट जमिनीत आधी चर काढून निचरा करावा व चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढावेत. चोपण जमिनीत, म्हणजे सामू 8.5 च्या वर व सोडियम जास्त असल्यास, माती परीक्षणानुसार जिप्सम द्यावे आणि ताग किंवा धैंचा गाडावा. निचरा न करता केवळ पाकिटांवर खर्च केल्यास पैसा वाया जाईल.

म्हणून यंदा संपूर्ण रानात वापरू नका. दोन वाफे जिवाणू लावून आणि शेजारचे दोन न लावता ठेवा. रोपांची मर मोजा, निघालेला माल तोलून पाहा. माती व पाणी परीक्षणासाठी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. तुमच्या रानाचा हिशेब तुमच्याच वाफ्यांतून मिळेल.