सेकंदाचा हजारावा भाग, घरी मोजलेला

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या चकतीवर १००० हा आकडा कोरलेला असतो. त्या खुणेवर शटर १/१००० सेकंद उघडे राहावे अशी अपेक्षा. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या स्प्रिंगा आणि दातेरी चाके ती पुरी करतात का, हे डोळ्यांना कळत नाही. वंगण घट्ट झाले की मंद वेग आणखी रेंगाळतात, स्प्रिंग सैलावली की जलद वेग ढिले पडतात, आणि हे सारे कळते ते रोल धुऊन आल्यावर. म्हणूनच सेकंडहँड कॅमेरा हाती आला की हौशी छायाचित्रकार आधी शटर तपासतो.

या तपासणीची जुनी साधने घरातच असत. रेकॉर्ड प्लेअरची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला बरोबर २०० अंश. तिच्यावर पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी चिकटवून १/८ सेकंदाने फोटो काढला, तर पट्टी २५ अंशांच्या पंख्यासारखी पसरलेली दिसते. फोटोवर कोनमापक ठेवायचा, दोनशेने भागायचे, झाले. जलद वेगांना मात्र ही युक्ती पुरत नाही. १/५०० ला पट्टी अर्धा अंशही सरकत नाही.

तेथे काचेच्या नळीचा टीव्ही कामी येई. भारतात स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा ओढतो. शटर उघडे असताना जितक्या रेषा ओढल्या गेल्या, तितक्याच फोटोत ठळक उजळतात: १/१२५ ला १२५, १/५०० ला सुमारे ३१, १/१००० ला पंधरा-सोळा. पडद्यावर बातम्या असोत वा ‘छायागीत’, मोजणीत फरक पडत नाही. दूरदर्शनने घरोघरी एक नेमके घड्याळ पोहोचवले होते आणि त्याचा टीव्हीच्या परवान्यात कुठे उल्लेखही नव्हता! कापडी पडदा आडवा सरकणाऱ्या कॅमेऱ्यात हा उजळ पट्टा तिरका येतो. तो बिघाड समजू नये. पडद्यातली फट आडवी सरकत असतानाच झोत खाली उतरत असतो, त्याची ती खूण.

आता नळीचे टीव्ही भंगारात गेले, आणि त्यांची जागा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळणाऱ्या सुट्या भागांनी घेतली. कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून फिल्मच्या जागी फोटोडायोड धरायचा, समोरून प्रकाश सोडायचा आणि उजेड किती काळ पडला हे अर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाकडून मोजून घ्यायचे. अर्डुइनो ऊनोची कालगणना ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालते. मोजायचा काळ १००० मायक्रोसेकंदांचा, तेव्हा घड्याळाची चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. छोट्या पडद्यावर दशांशचिन्हासह आकडा झळकतो, आणि खरी फसगत तेथून सुरू होते.

पडद्याच्या शटरमध्ये जलद वेगाला अख्खी चौकट एकदम उघडत नाही. दोन पडद्यांमधली अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. समजा, ३६ मिलिमीटरचे अंतर पडदा १२ मिलिसेकंदांत कापतो. म्हणजे वेग मिलिसेकंदाला ३ मिलिमीटर, आणि १/१००० साठी फटही ३ मिलिमीटरचीच. फोटोडायोडही ३ मिलिमीटर रुंद असेल, तर फटीची पुढची कड त्याला शिवल्यापासून मागची कड त्याला सोडेपर्यंत ६ मिलिमीटरचा प्रवास होतो. उपकरण २ मिलिसेकंद दाखवते. चोख कॅमेरा १/५०० चा ठरतो आणि दुरुस्तीला जातो! फोटोडायोडवर काळी टेप लावून अर्धा मिलिमीटरची खाच ठेवली, तर वाचन १/८६० च्या आसपास येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रकाश वाढताना निम्म्यावर पोहोचला त्या क्षणापासून उतरताना निम्म्यावर आला त्या क्षणापर्यंत मोजणे. मग सेन्सरची रुंदी आपोआप वजा होते.

दिव्याचीही खातरजमा लागते. घरच्या विजेवरचे अनेक स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभरदा मिणमिणतात; मंद वेग मोजताना मंडळ प्रत्येक मिणमिण शटरच्या नावावर टाकते. बॅटरीवरची विजेरी बरी, तीही पूर्ण तेजावर. मंद केल्यावर काही विजेऱ्या भराभर उघडझाप करतात. फोटोडायोडऐवजी फोटोट्रान्झिस्टर वापरला तर त्याचा आळस मोजणीत मिसळतो. तो ओळखण्यासाठी अर्डुइनोनेच एखादा एलईडी १००० मायक्रोसेकंद पेटवून वाचन पाहता येते. खाचेचा दोष मात्र या परीक्षेत सापडत नाही, कारण एलईडीला सरकती फट नसते.

आकड्यांचा अर्थ लावतानाही थोडी उदारता हवी. चकतीवरचे ६० आणि १२५ हे सोयीसाठी गोलावलेले आकडे. दर पायरीला दुप्पट करत गेल्यास ते ६४ आणि १२८ येतात. १/१००० च्या जागी १/८०० मिळाले, तर एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने वाढले इतकेच. कृष्णधवल निगेटिव्ह ते सहज पचवते. चौकटीच्या दोन्ही कडांना एकेक सेन्सर लावून डावीकडे १/१००० आणि उजवीकडे १/७०० आले, तर मात्र आकाश एका बाजूला अर्ध्या स्टॉपने गडद छापले जाते. दोन पडद्यांच्या स्प्रिंगांचा ताण जुळत नसल्याचे हे लक्षण, आणि तो ताण बदलला की बाकीचे वेगही पुन्हा मोजावे लागतात.