बांध, भराव आणि उतार नकाशावर कसे नोंदवायचे?



ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून लोकांनी मिळून भरलेला मोफत नकाशा आहे. खातं उघडलं की कुणीही त्यात रस्ता, नाला, बांध टाकू शकतो. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी व्हेस्पुची हे ॲप चालतं.

उपग्रहाच्या फोटोत पाणंद रस्ता दिसतो. पण तो शेतापासून पाच फूट उंच आहे का, हे वरून कळत नाही. कडेला ऊस उभा असेल तर कडाही दिसत नाही. माल न्यायला बाहेरगावचा ड्रायव्हर रात्री येतो, फोन बघून गाडी वळवतो आणि ओल्या मातीत चाक कडेवरून घसरतं. ही उंची फक्त तुम्हाला माहीत आहे.

*आपण सगळ्याला बांधच म्हणतो, नकाशात मात्र नोंदी वेगळ्या* (ॲपमध्ये ही नावं इंग्रजीत दिसतील)

1️⃣ रस्ता भरावावर, दोन्ही बाजूंना उतार: वेगळी रेघ नको. रस्त्याच्या रेघेलाच 'एम्बँकमेंट = यस' जोडा.
2️⃣ भर घालून केलेला, एकाच बाजूला उतरणारा मातीचा उतार: 'मॅन-मेड = एम्बँकमेंट'. रेघ वरच्या कडेने काढा.
3️⃣ पुराचं पाणी अडवणारा नदीकाठचा बांध: 'मॅन-मेड = डाइक'.
4️⃣ पाझर तलावाचा बांध: 'वॉटरवे = डॅम'.
5️⃣ माती धरून ठेवणारी दगडी किंवा काँक्रीटची भिंत: 'बॅरियर = रिटेनिंग वॉल'.

*उजव्या हाताचा नियम* 👉
क्रमांक 2 आणि 5 साठी हा सगळ्यात महत्त्वाचा. रेघ ज्या दिशेने काढताय, त्या दिशेने आपण चालतोय असं समजा. सखल बाजू उजव्या हाताला आली पाहिजे. उलटं झालं तर पुसू नका, ॲपमध्ये रेघेची दिशा उलटवा. दिशा चुकली तर खोल बाजू नकाशात उंच दिसते.

*रस्त्याचा चढ*
नोंद 'इनक्लाइन'. 10 मीटर अंतरात 1 मीटर चढ म्हणजे 10 टक्के. रेघेच्या दिशेने चढ असेल तर 10%, उतार असेल तर -10%. मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरा आणि दोन्ही टोकांना पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. त्यातला फरक म्हणजे चढ. मोजलं नसेल तर फक्त 'अप' किंवा 'डाउन' लिहा, अंदाजाने आकडा टाकू नका.

*हे पाळा* ⚠️
▪️ हा नकाशा म्हणजे सातबारा नाही. बांधाच्या वादात तो पुरावा धरू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते.
▪️ नोंद सगळ्या जगाला दिसते. शेतकऱ्याचं नाव, मोबाईल नंबर टाकू नका.
▪️ गुगल मॅपवरून बघून उतरवू नका, त्याला परवानगी नाही. स्वतः पाहिलेलंच टाका.

सुरुवात शेताच्या बांधांपासून नको, संकलन केंद्राकडे येणाऱ्या रस्त्यांपासून करू. या आठवड्यात आपापल्या वाटेने एकदा चालत जा. जिथे गाडीला धोका आहे तिथला फोटो आणि लोकेशन ग्रुपवर टाका. नोंद कोणती करायची ते तिथेच ठरवू. पाऊस लागायच्या आत हे झालं पाहिजे.

– आपला कृषी सल्लागार 🌱