शिकागोच्या सरोवरकाठची वाटणी

मिशिगन सरोवराच्या काठाने 18 मैल जाणारा शिकागोचा सार्वजनिक मार्ग, ज्यावर रमतगमत फिरणारे वृद्ध, बाबागाड्या आणि मान खाली घालून सुसाट निघालेले सायकलस्वार एकाच पट्ट्यावर परस्परांना चुकवीत असत, तो 2018 च्या अखेरीस बहुतांशी सायकलींची व पादचाऱ्यांची अशा दोन वाटांत दुभागला गेला. या तजविजीस केन ग्रिफिन या धनिकाने 1 कोटी 20 लाख डॉलरांची देणगी दिली होती. पादचाऱ्यांच्या वाटेकडेला मऊ भुकटीचा पट्टाही आहे (धावणाऱ्यांच्या गुडघ्यांवर मोठीच मेहेरबानी!). नेव्ही पिअरजवळची चिंचोळी कोंडी मात्र 2021 मध्ये उड्डाणमार्ग पुरा होईपर्यंत सुटली नाही. अशी वाटणी करताना केवळ रंगाच्या रेघेवर भिस्त ठेवणे मात्र मला पटत नाही. कुत्र्याच्या गळ्यातली बारीक दोरी रेघ ओलांडून आडवी ताणली गेली, की सायकलस्वाराला ती चाकाशी येईपर्यंत दिसतच नाही.